तक्रारीच्या खुर्चीतले साहेब

व्यवस्थापनावरचं एकही पुस्तक न वाचता एक अख्खी कंपनी धडपणे चालवणारा माणूस दिल्लीच्या आसपास एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं की तो माझा साहेब होता. पुस्तकं त्यांच्याकडे नव्हती असं नाही. दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर नेतृत्वावरचं एखादं पुस्तक भेट द्यायची टूम नोएडाच्या ऑफिसांत निघाली, तेव्हापासून त्यांच्या केबिनमध्ये ती ढिगाने साठली होती. त्यातलं जाड बघून एखादं ते खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवत. "वाचायला जड जातात, पण उंचीला बरोबर बसतात," एवढंच त्यांचं त्या साहित्याबद्दलचं मत होतं.

कंपनीच्या साहेबांच्या खुर्चीचा पाय आखूड का, असं कुणीही विचारेल. आमची कंपनी खुर्च्याच बनवते. कारखाना गाझियाबादला, ऑफिस नोएडाला. गिऱ्हाइकाने तक्रार करून परत पाठवलेली खुर्ची थेट साहेबांच्या केबिनमध्ये यायची आणि तिच्यात काय बिघडलंय, का बिघडलंय याचा छडा लागेपर्यंत साहेब तिच्यावरच बसायचे. त्यामुळे ते कधी उजवीकडे कललेले असत, कधी मागे रेललेले, आणि एका आठवड्यात तर त्यांना डावीकडे वळताच येत नव्हतं. कंपनीची गुणवत्ता कशी चालली आहे हे कळायला आम्हाला अहवाल लागत नसे; साहेबांच्या कमरेकडे बघितलं की पुरे. एकदा गुडगावचं एक बडं गिऱ्हाईक बोलणी करायला आलं, तेव्हा साहेबांच्या बुडाखाली हवा जाणारी खुर्ची होती. बोलणी जसजशी रंगत गेली तसतसे साहेब खाली खाली जात राहिले. शेवटी टेबलाच्या वर फक्त त्यांचं कपाळ आणि चष्मा उरला, पण आवाज तितकाच ठाम. "ही खुर्ची आम्ही तुम्हाला देणार नाही, म्हणून दाखवतोय," असं त्यांनी तिथूनच सांगितलं. गिऱ्हाइकाने ऑर्डर दिली, आणि जाताना साहेबांना हात देऊन वर काढलं.

निर्णय घेण्याची त्यांची वेळ ठरलेली होती. चार ते सव्वाचार. जेवणाआधी माणूस भुकेपोटी नाही म्हणतो, जेवणानंतर झोपेपोटी हो म्हणतो आणि साडेपाचनंतर मेट्रो पकडायच्या घाईत कशालाही मान डोलावतो, असा त्यांचा सिद्धांत. मुंबईहून एक संचालक सकाळच्या विमानाने तातडीचा निर्णय घ्यायला आले होते. साहेबांनी त्यांना पोटभर जेवू घातलं आणि गाडी देऊन सरोजिनी नगरला खरेदीला धाडलं. ते पावणेचारला दोन पिशव्या भरून कपडे आणि दिलखुलास चेहरा घेऊन परतले. चारला बसून दहा मिनिटांत निर्णय झाला, आणि तो साहेबांना हवा होता तोच झाला.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा मराठीचा नियम. साहेब मूळचे मिरजेचे. तीस वर्षं दिल्लीत काढूनही त्यांची हिंदी मिरज स्टेशनच्या बाहेर पडली नव्हती. इंग्रजी मात्र उत्तम, आणि म्हणूनच तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. ऑफिसात मराठी माणसं दोनच, एक ते आणि दुसरा मी. त्यामुळे कुठलाही मोठा प्रस्ताव आला की तो साध्या मराठीत एका कागदावर उतरवण्याचं काम माझ्याकडे. तो कागद साहेब मयूर विहारच्या घरी फोन लावून वहिनींना वाचून दाखवत. वहिनी बहुधा त्या वेळी भाजी निवडत असाव्यात. त्यांना एका झटक्यात समजलं तर प्रस्ताव पक्का, त्यांनी "म्हणजे काय?" विचारलं तर प्रस्ताव माझ्याकडे परत. कंपनीच्या सल्लागारांना हे ठाऊक नव्हतं. आपली इतकी देखणी मांडणी नेमकी कुठे अडते, याचं त्यांना शेवटपर्यंत कोडं होतं.

मला हा नियम तेव्हा विनोदी वाटे. पुण्याहून आलेला, नियोजन विभागाचा मॅनेजर, उपाध्यक्ष होण्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला मी, आणि माझ्या कामाची परीक्षा भाजी निवडता निवडता व्हायची. उपाध्यक्षपदासाठी माझ्या नावावर एक मोठी योजना असणं जरुरीचं होतं. ती मी तयार केली. गाझियाबादला आमचं दुरुस्ती खातं होतं. परत आलेल्या खुर्च्या, साहेबांनी बसून पाहिलेल्या धरून, तिथे थोरल्या मिस्त्रींसह अकरा माणसं हाताने नीट करायची. पण अलीकडे गिऱ्हाइकं सहसा खुर्ची पाठवेनाशी झाली होती. त्यांना सुटा भाग हवा असे, तोही दुसऱ्या दिवशी. खात्यात दुपारनंतर काम उरत नसे. ते बंद करावं, असं मी अठ्ठावीस स्लाइडींत मांडलं. त्यांत एकाही माणसाचं नाव आलं नव्हतं, याचा मला तेव्हा अभिमान होता.

साहेबांनी मराठी कागद मागितला. मी लिहिलं, "सेवा विभागाचे सुसूत्रीकरण व मनुष्यबळाची पुनर्रचना." त्यांनी वाचून कागद परत केला आणि म्हणाले, "हे इंग्रजीच आहे, नुसतं धोतर नेसवलंय." मी दुसऱ्यांदा लिहिलं, तिसऱ्यांदा लिहिलं. चौथ्या कागदावर शेवटी एवढंच उरलं: दुरुस्ती खातं बंद करायचं, नऊ जणांना जुळणीच्या खात्यात घ्यायचं, आणि थोरले मिस्त्री व त्यांचा जोडीदार यांची नजर नव्या मशीनला पुरणार नाही म्हणून त्यांना घरी पाठवायचं. हे वाक्य लिहायला मला अठ्ठावीस स्लाइडींपेक्षा जास्त वेळ लागला. साहेबांनी चार वाजता फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि कागद वाचला. वहिनींना समजलं. त्यांनी फक्त विचारलं, "आणि हे त्यांना सांगणार कोण?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी गाझियाबादला गेलो. थोरल्या मिस्त्रींनी मला बघून फडक्याने खुर्ची पुसली आणि चहा मागवला. कंपनीच्या पहिल्या शंभर खुर्च्यांपासून ते तिथे होते. मी त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल विचारलं, पंखा नीट चालतो का ते विचारलं, स्क्रूंचा साठा विचारला. तासभर मी इतक्या गोष्टी विचारल्या की शेवटी मिस्त्रीच म्हणाले, "सरजी, जो कहने आए हो, कह दो." मी म्हणालो, काही नाही, सहज आलो होतो. परत येऊन मी साहेबांना सांगितलं की प्रस्ताव मागे घेतो.

मला वाटलं होतं साहेब खूश होतील. माझ्या मनात तर त्यांचा हात माझ्या पाठीवर पडलासुद्धा होता. त्यांनी विचारलं, "प्रस्ताव चुकीचा आहे असं वाटतंय का तुला?"

मी नाही म्हणालो.

"मग मागे का घेतोस?"

"सांगवलं नाही, सर."

"तुला सांगवत नाही म्हणून कंपनीने धोरण बदलायचं?" साहेबांचा आवाज चढला नव्हता, पण ते त्या दिवसाच्या कललेल्या खुर्चीतून सरळ झाले होते. "अरे, मराठीत कशाला लिहून घेतो मी? निर्णय रद्द व्हावा म्हणून नाही. घेतला तर डोळे उघडे ठेवून घेतला जावा म्हणून. दोन वर्षांनी ते खातं आपोआप बंद पडेल, आणि तेव्हा त्या नऊ जणांनाही जागा नसेल. चल उद्या माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी गाझियाबादला साहेबांनी ते सांगितलं तेव्हा मी दाराशी उभा होतो. त्यांनी सगळ्यांना बसवलं, स्वतः एका उलट्या खोक्यावर बसले आणि आपल्या त्या मिरजेच्या हिंदीत पाचच मिनिटं बोलले. ये खाता हम बंद कर रहे. फैसला मेरा है, इस लड़के का नहीं. गाली देनी तो मेरे कू देना. नऊ जण जुळणीत आणि दोघं घरी, हेही त्यांनीच सांगितलं. चाळिशी उलटलेला मी त्यांच्या हिंदीत लड़का झालो आणि माझी योजना त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. कुणी गाली दिली नाही. थोरल्या मिस्त्रींनी हातातला स्क्रूड्रायव्हर फळीवर जागच्या जागी ठेवला आणि विचारलं, "तो साहब, कल आना है कि नहीं?"

साहेब म्हणाले, "महिना पूरा करो. काम हो, ना हो. आओ."

परतताना आनंद विहारच्या कोंडीत गाडी अडली तेव्हा साहेबांनी विचारलं, "मिस्त्री आता दिवसभर काय करेल रे?"

मी म्हणालो, आराम करतील. मुलं हाताशी आली आहेत, नातवंडं आहेत, मजेत असतील.

"तुला माहीत आहे, का वाटतंय?"

"वाटतंय, सर."



मी उपाध्यक्ष झालो. पत्रावर त्यांनीच सही केली आणि अभिनंदनही मनापासून केलं. नंतर कधीतरी मला ड्रायव्हरकडून कळलं की साहेब अधूनमधून रविवारी गाझियाबादला मिस्त्रींच्या घरी जातात, तासभर बसतात आणि परत येतात. मला राग आला. योजना माझी, मग मला का नेत नाहीत? मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुला वाटत होतं ना तो मजेत असेल? मग जायचं तर तुझं तू जा. मी नेलं तर माझ्याबरोबर आलास असं होईल." आणि एका चिठ्ठीवर त्यांनी घरचा पत्ता लिहून दिला.

साहेब निवृत्त होऊन पुण्याला गेले त्यालाही आता वर्ष होत आलं. कंपनी बरी चालली आहे. मी घेतलेले निर्णय बरोबर ठरताहेत आणि त्याबद्दल माझं कौतुकही होतं. वहिनींचा फोन येतो, साहेबांचा येतो. साहेब पुण्यातल्या उकाड्याबद्दल बोलतात, माझ्या मुलीचं मराठी कितपत राहिलंय ते विचारतात, मिस्त्रींबद्दल चुकूनही विचारत नाहीत. एखाद्या दिवशी विचारतील या धास्तीने मी हल्ली फोन लवकर आवरता घेतो. त्यांची आठवण मात्र फार येते. तास दोन तास निवांत बोलायचं आहे त्यांच्याशी, पण त्याआधी मला एकदा गाझियाबादला जाऊन यायला हवं.