पावशेर पाण्याचा अहवाल

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. पाट्या नव्या, खुर्च्या नव्या, साहेब नवे. जुनं म्हणावं असं फक्त ऊन होतं, आणि त्या सालच्या दुष्काळात तेही नव्या जोमानं कामाला लागलं होतं. गावाबाहेरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत पाणी तपासायची एक छोटी प्रयोगशाळा थाटली होती. तिथला सहायक गुरुपादप्पा. हुद्दा सहायकाचा असला तरी साहेब बदलत राहिले आणि काम त्यानंच रेटलं.

माणूस भलताच शिस्तीचा. काचेची नळी धुवायला घेतली की बघणाराच कंटाळून निघून जाई. नव्यानं नोकरीला लागलेल्यांना तो पहिल्याच दिवशी बजावून सांगे, की नमुना दोन लिटरच पाहिजे. कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळायचा, विसळलेलं पाणी फेकायचं आणि मग काठोकाठ भरायचा. "पाणी कमी घेतलं म्हणून चूक कमी होत न्हाई, वाढती," हे त्याचं वाक्य सगळ्यांना पाठ झालं होतं. त्याच्या माघारी पोरं त्याची नक्कलही करायची.

पण एकदा एका खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्यासमोर त्यानं तपासून उरलेलं पाणी मोरीत ओतलं. म्हातारा नुसता त्या मोरीकडे बघत राहिला, घरातलं कुणी गेल्यासारखा. गुरुपादप्पाही निलंग्याकडच्या कोरड्या गावातच वाढलेला. ती नजर त्याच्या काळजाला लागली. त्या दिवसापासून कुणी लहान बाटली घेऊन आलं तर तो परत पाठवीनासा झाला. दोन लिटरांचा आग्रह फक्त भाषणात उरला.

वैशाखात त्याची थोरली बहीण महानंदा एसटीनं आली. तिचं सासर येळंबवाडी. तिथं नवी बोअर मारली होती आणि हातपंपही बसला होता. पण पाणी कमी, म्हणून घरटी दोन घागरींचं माप ठरलेलं. ते पाणीही गुरांना आणि धुण्यालाच. प्यायला परवानगी नव्हती. अहवाल आल्याशिवाय प्यायचं नाही, असं ग्रामसेवकानं बजावलं होतं. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, कधी चौथ्या. घरात सुनेची वर्षाची लेक, उमा. सगळं गाव अहवालाकडे डोळे लावून बसलं होतं, आणि नमुना घेऊन जायचं काम अक्कानं हौसेनं अंगावर घेतलं होतं. भाऊच तपासणारा म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला कशाला जाऊ देईल ती!

तिनं पदराखालून औषधाची बाटली काढली. पावशेर पाणी असेल.

"येवढंच?" गुरुपादप्पाच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्याच घागरीतलं हाय रे. रक्त तपासायला डॉक्टर थेंबभरच घेत्यात की. मला वाटलं, पाण्याला येवढं लई झालं."

तिच्या टाचा भेगाळलेल्या होत्या. तिला पुन्हा पाठवायचं म्हणजे पुन्हा एसटी, पुन्हा ऊन, पुन्हा तिच्या वाटणीच्या घागरीतून उपसा. टेबलावर "नमुना अपुरा, पुन्हा पाठवा" असा रबरी शिक्का पडलेला होता. तो उचलायला त्याचा हात धजला नाही.

"भागंल, अक्का," तो म्हणाला.

बाटलीतलं पाणी क्षार, कठीणपणा असल्या चार तपासण्यांत वाटून गेलं. फ्लोराइडसाठी वीस मिली उरलं. हे फ्लोराइड मोठं कावेबाज. पाणी दिसायला नितळ, चवीला गोड. पण ते प्रमाणाबाहेर गेलं की लहान लेकरांचे पक्के दात हिरडीत घडत असतानाच डागाळतात, आणि पुढं हाडं धरतात. ते ओळखायचं रंगावरून. उंच काचनळीत शंभर मिली पाणी घ्यायचं, त्यात लाल रंगाचं औषध घालायचं. फ्लोराइड जितकं जास्त तितका लाल रंग पिवळ्याकडे झुकतो. शेजारी माहितीच्या पाण्याच्या नळ्या ओळीनं मांडायच्या, खाली पांढरी फरशी ठेवायची आणि वरून डोकावून रंग जुळवायचा.

गुरुपादप्पानं वीस मिलीत शुद्ध पाणी घालून ते शंभर केलं. म्हणजे अक्काचं पाणी पाचपट फिकं झालं. आता जे दिसेल त्याला पाचनं गुणायचं, आणि दिसण्यात झालेल्या चुकीलाही पाचनंच गुणायचं. तो वाकला. रंग शून्य दशांश दोनच्या नळीशी जुळत होता. की शून्य दशांश चारच्या? तो खिडकीशी गेला, चष्मा पुसला, परत वाकला. दशांश दोन धरले तर गुणून लिटरला एक मिलिग्रॅम निघत होतं, म्हणजे पिण्यास योग्य. दशांश चार धरले तर दोन मिलिग्रॅम निघत होतं, म्हणजे पंप बंद. नळीभर अस्सल पाणी असतं तर एक आणि दोन यांतला फरक दारातून ओळखला असता त्यानं. इथं तो केसाएवढा झाला होता.

बाहेर बाकावर अक्का बसली होती. त्यानं दशांश दोन धरले.

हे त्यानं मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही. पण नकळत केलं असंही तो स्वतःला कधी सांगू शकला नाही. "पिण्यास योग्य" असं वळणदार अक्षरात लिहून त्यानं साहेबांची सही घेतली. अक्का त्या कागदाला हात जोडूनच निघाली.

येळंबवाडीचा टँकर बंद झाला. बायका पंपावर यायच्या तेव्हा अक्का ऐटीत सांगायची, "माझ्या भावानं पास केलेलं पाणी हाय." ही गोष्ट ती त्यालाही कौतुकानं सांगायची, आणि दर खेपेला तो विषय बदलायचा. सवडीनं पुन्हा नमुना मागवू असं तो मनाशी म्हणायचा. सवड काही मिळाली नाही. खरं तर ती त्यानं काढलीच नाही.

नऊ वर्षांनी एका लग्नात उमा भेटली. दहा वर्षांची, चुणचुणीत. कुणीतरी थट्टा केली तशी ती खळखळून हसली आणि हसता हसता तिनं झटकन तोंडावर हात धरला. पण गुरुपादप्पाला दिसायचं ते दिसलं होतं. पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे, कडा खडबडीत.

"लई घासते आजोबा मी. राखुंडीनं, मिठानं. जात न्हाईत," ती खाली बघत म्हणाली.

तो मांडवातून उठला तो थेट येळंबवाडीला गेला. दोन लिटरांचा कॅन तीनदा विसळून स्वतः भरला. दुसऱ्या दिवशी नळी काठोकाठ भरून पाहिली. चष्माही पुसावा लागला नाही. फ्लोराइड लिटरला दोन मिलिग्रॅमच्याही वर होतं. त्या उन्हाळ्यातल्या जुन्या नोंदी काढून, जिथून जिथून लहान बाटल्या आल्या होत्या त्या सगळ्या गावांचं पाणी त्यानं नव्यानं तपासलं. बाकीची गावं सुदैवानं निभावली होती. येळंबवाडीच्या पंपाला मात्र, ते पाणी कुणी पिऊ नये म्हणून, लाल रंग लागला.

रंग लावून झाल्यावर तो अक्काकडे गेला. ती ओसरीवर तूर निवडत होती. त्यानं काही लपवलं नाही. वीस मिली, पाचपट, दोन की चार, तो शिक्का, सगळं सांगितलं. अक्काला त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण सुपातला तिचा हात थांबला.

"मंग तवाच का न्हाई बोललास?"

"तुला परत यावं लागलं असतं, अक्का. दोन लिटर पाणी घिऊन. मला सांगवंना."

अक्कानं त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"अरं येड्या, दोन घागरी आणल्या असत्या की म्या! चालत आले असते. नातीसाठी न्हाई आणायचं तर कुणासाठी? माझी दया आली व्हय तुला? इचारायचं तरी व्हतंस."

विचारावं हे त्या दिवशी गुरुपादप्पाच्या मनातही आलं नव्हतं. तिला काय झेपेल ते त्यानंच परस्पर ठरवून टाकलं होतं.