रिकामी गाडी

लेक पोटात असताना आम्ही दोघं सोलापुरातल्या एका दुकानात बाबागाडी आणि कारसीट बघायला गेलो होतो. दाखवणाऱ्या म्हाताऱ्या काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मी हौसेनं एक गाडी ढकलली, तर त्यांनी झटकन दांडा धरला. "पोरी, रिकामी हलवू नगं. पाळणा काय, गाडी काय, एकच की!"

मग त्यांनी गल्ल्यामागून जुन्या चादरीत बांधलेलं ज्वारीचं गाठोडं काढलं. प्रत्येक गाडीत, प्रत्येक कारसीटमध्ये ते निजवून दाखवायचे आणि दर वेळी एक तळहात वरच्या टोकाखाली धरायचे. गाठोड्याला कुठली आलीय मान? मला हसू फुटलं.

"ज्वारी हाय, ठावं हाय मला," ते म्हणाले. "पर ह्या हाताला कसं सांगू?"

लेक आता सायकल चालवते. परवा भंगारवाल्याला द्यायला त्या दुकानातून घेतलेली तिची गाडी माळ्यावरून काढली. दारापर्यंतच न्यायची होती. दांडा धरला आणि थबकले. स्वयंपाकघरातून ज्वारीची पिशवी आणून आत निजवली, मगच ढकलली.

निजवताना माझा तळहात पिशवीच्या वरच्या टोकाखाली होता.