शिवानंदांच्या सायकलीची शिंगं

सास्तूरच्या बसथांब्याजवळ शिवानंदांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. पन्नाशीला टेकलेला माणूस एकतर देवाधर्माला लागतो, नाहीतर गुडघ्याच्या तेलाला. शिवानंद सायकलीला लागले. पोट गेलं, पायजम्याच्या जागी अंगाला चिकटणारी काळी चड्डी आली, आणि गावानं तेवढंही सोसलं. पण यंदा दिवाळीनंतर हँडलवर पुढं निघालेले दोन दांडे बसले. कोपरं गादीवर टेकवायची, दांडे धरून अंग आडवं करायचं आणि वाऱ्याच्या हाती न लागता निघून जायचं, अशी ती योजना. तिला एअरो बार म्हणतात. गाव म्हणालं, सायकलीला शिंगं फुटली.

अडचण वाऱ्याची नव्हतीच, शिष्टाचाराची होती. त्या बैठकीत बसलेला माणूस लांबून हात जोडून येतोय असा दिसतो. त्यातून बियाणेवाला, म्हणजे तालुकाभर ओळख. समोरचा प्रत्येक जण मोटारसायकल हळू करून म्हणायचा, "शरणु शरणार्थी, अण्णा." आणि ज्या लिंगायत घरात पोराला चालायच्या आधी हा शरणार्थीचा नमस्कार शिकवतात त्या घरातले शिवानंद खरोखरचे हात जोडून उत्तर द्यायचे. म्हणजे दांडे सोडून.

पहिल्याच आठवड्यात ते रेवणप्पांच्या हरभऱ्यात उतरले.

"रान बघायचं व्हतं तर सांगायचं, अण्णा," रेवणप्पा बांधावरून म्हणाले. "वाट तिकडून हाय."

"शरणार्थी घालत व्हतो तुमाला."

"ते दिसलं. पर एकदम लोटांगण कशाला? हात जोडलं असतं तरी भागलं असतं."

हे रणधीर सरांच्या कानावर गेलं. सर उमरग्याचे, सायकल मंडळाचे म्होरके. रविवारी शर्यत होती, एकेकानं घड्याळाविरुद्ध पळायची. सरांनी अट घातली: शुक्रवारी माकणीहून सास्तूरला कोपरं न उचलता यायचं. दांडे सुटले तर रविवारी टेम्पोत बसून केळी वाटायची. गेल्या वर्षीही शिवानंदांनी केळीच वाटली होती आणि फार छान वाटली असं सगळे म्हणाले होते. ते त्यांना वर्षभर सलत होतं.

तोड काढली शिवलीलाबाईंनी. सरावाला नवऱ्याच्या पुढं स्कूटी घालून त्या येईल त्याला बजावू लागल्या, "शरणु शरणार्थी. ते दुकानात बोलतील, आता हात रिकामं न्हाईत." एका वळणावर थांबून नवऱ्यालाही म्हणाल्या, "अहो, दांडा हाय तो, युरियाचं पोतं न्हाय. किती आवळताव? भार कोपरावर टाका, अन् चाकाकडं कशाला बघताव? ते कुठं जात न्हाय तुमाला सोडून."

शिवानंदांनी मूठ सैल केली. नजर लांब बाभळीवर लावली. डुगडुगणारी सायकल एकाएकी गप्प झाली, टायर रस्त्यावर गुणगुणू लागलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यांची कोपरं आपोआप काउंटरवर टेकली.

शुक्रवारी सर मोटारसायकलवर मागं राहिले आणि बाईंना पुढं जायला बंदी केली. माकणी सुटली. उसाची ट्रॉली अगदी जवळून गेली, वाऱ्याचा धक्का बसला, सायकल हातभर सरकली आणि परत ओळीत आली. वेग असा लागला की दोन्ही बाजूंची तूर एकच हिरवी भिंत झाली.

आणि त्या भिंतीतून सासरे रस्त्यावर आले.

सिद्धलिंगअप्पांचं रान इथंच, हे जावयाला ठाऊक होतं. अप्पा इतक्या सकाळी रानात असतील हे नव्हतं. एका सोयरिकीत पंगतीला शरणार्थी राहून गेला म्हणून अप्पा चुलतभावाशी अजून बोलत नव्हते. त्यांनी काठी काखेत मारली आणि हात जोडले. शिवानंदांचे पंजे दांड्यांवरून अर्धवट उठले. पुढचं चाक थरथरलं.

हात तर जोडलेलेच आहेत, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी पंजे परत टेकवले, छातीतला सगळा श्वास सोडून "शरणु शरणार्थी, अप्पा" म्हटलं, आणि श्वास गेल्याबरोबर खांदेही खाली गेले. चाक सुतासारखं सरळ झालं. अप्पा मागं पडले.

मागून सर पोचले तेव्हा अप्पा रस्त्याकडं बघत उभेच होते. सरांनी भीत भीत गाडी हळू केली.

"जावई हाय आमचा," अप्पा म्हणाले. "एवढा वाकून तर लग्नातबी पाया पडला नव्हता."

सास्तूरच्या कमानीपाशी थांबायचं ठरलं होतं. सरांनी हॉर्न दिला, हात वर केला, "पास, अण्णा, पास. थांबा आता." शिवानंदांना ऐकू आलं. दुकानासमोर चारपाच गिऱ्हाइकं शटर उघडायची वाट बघत होती, तीही दिसली. शिवानंदांनी सगळ्यांना मिळून एकच शरणार्थी घातला आणि कोपरं न उचलता पुढं लोहाऱ्याच्या रस्त्याला लागले.