पेवात सोडलेला कंदील

कंदीलमामांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही भोकात आधी स्वतःचं डोकं घातलं नाही. आधी कंदील, मग डोकं. पाण्याची टाकी धुवायची असो की शौचालयाचा खड्डा उपसायचा असो, दोरीला बांधलेला पेटता कंदील आत सोडून मामा काठावर उकिडवे बसत. मी नवी गाडी घेतली आणि वडूजहून पेढे घेऊन त्यांच्या गावी गेलो, तर त्यांनी डिकी उघडायला लावून आत उदबत्ती धरली. "बंद जागंचा भरवसा न्हाई, भाचं," म्हणाले. डिकीतल्या गालिच्याला तेव्हा पडलेलं भोक मी अजून बायकोपासून लपवतो.

हसण्यासारखं कारण मात्र नव्हतं. मामांच्या परसात पेव होतं. जमिनीत रांजणासारखं खोदलेलं, आतून कडबा लावलेलं धान्याचं कोठार, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. बंद पेवात धान्याच्या उबेनं वायू साचतो. तो दिसत नाही, तळाशी बसून राहतो, आणि त्यात दिवा विझतो तसा माणूसही. मामांचा धाकटा भाऊ नामदेव घरातल्या लग्नाच्या घाईत झाकण काढल्या काढल्या ज्वारीसाठी आत उतरला. हाक नाही, धडपड नाही. वर उभ्या मामांना वाटलं, पोतं भरतोय. त्या दिवसापासून मामांच्या तोंडी एक शब्द बसला. "थांब."

गावातली बाकीची पेवं बुजली, पण मामांनी आपलं ठेवलं, ते सरकारपायी. शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, खळ्यावरून घरी आली की व्यापारी भाव पाडतात. हमीभावाचं सरकारी केंद्र उघडेपर्यंत निम्म्या गावानं माल विकलेला असतो. मामा म्हणत, "सरकारचा भाव रुसलेल्या पावण्यागत हाय. येतुया, न्हाई असं न्हाई. पर पंगती उठल्यावर." म्हणून ते माल पेवात घालून पाहुण्याची वाट बघत.

माझं वडूजला बी-बियाण्यांचं दुकान. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका कंपनीचे साहेब आले आणि मला तालुक्याचा कार्बन-मित्र केलं. टोपी दिली, मग काय, मला सगळं कळायला लागलं. देवळात सभा घेतली. सांगितलं, परदेशात कारखान्यानं धूर सोडला की सरकार कर बसवतं. तो कर कमी व्हावा म्हणून कारखाने आपल्याला पैसे देणार. आपण फक्त नांगर घालायचा नाही. शाळू मुळासकट उपटायचा नाही, विळ्यानं कापायचा. मुळं रानातच कुजतील आणि कार्बन मातीत राहील.

"म्हंजी धूर त्येंचा, आन् नांगर माझा बंद?" मामांनी विचारलं. सभा हसली.

"आन् नांगराबिगर हराळी माजली मंग?"

"तिचं औषध आहे माझ्या दुकानात," मी म्हणालो. सभा आणखी हसली.

"बरं, ह्यो कार्बन म्हंजी नक्की कंचा वायू?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण डोक्यावर टोपी होती. "तोच की, मामा. पेवात साचतो तो."

मामांचा चेहरा उतरला. "त्यो माझ्या रानात साठवायचा? भाचं, त्यानं माझा नामा न्हेला." मातीत तो वायू नसतो, त्याची खतासारखी माती होते, असं मी सांगत राहिलो. मामा उठून गेले.

त्या साली हमीभाव केंद्राची मुदत संपत असल्याचा निरोप माझ्या मोबाइलवर आला होता. शुभ सकाळच्या गुलाबांखाली तो गाडला गेला आणि मला दिसला तो शेवटच्या दिवशी. टेम्पो घेऊन धावत गेलो. मामांनी पेवाचं झाकण काढलं, कंदील सोडला. निम्म्यात वात निळी झाली आणि विझली.

"तेल संपलं असेल," म्हणत मी काठावर पाय टेकला.

मामांनी माझा पट्टा धरून मागं खेचलं आणि स्वतः पेवाच्या तोंडावर आडवे झाले. "थांब रं. माल जाऊ दे. तू थांब." दोरीला घोंगडं बांधून आम्ही आत वारं घातलं, पुन्हा कंदील सोडला, पुन्हा विझला. वात टिकेपर्यंत उन्हं कलली आणि केंद्र बंद झालं. शाळू व्यापाऱ्याला गेला, त्याच्या भावानं.

हमीभावाचा आधार असा हातचा गेला, म्हणून मामा कार्बनच्या कागदाशी आले. कराराची मुदत लांबची होती, त्यांच्या वयाच्या पल्याडची. मधेच नांगर घातला तर घेतलेले पैसे परत करायचे. "सही माझी, पाळायचं संजानं," ते म्हणाले. संजय त्यांचा मुलगा, फौजेत. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "ह्येच्या तळाला काय हाय, तुला दिसतंय का?"

"दिसतंय की."

"मंग तूच कंदील," म्हणाले आणि सही केली.

पहिल्या वर्षी पैसे आले. मी टोपी मिरवली. दुसऱ्या वर्षी साहेबांचा फोन आला, तिकडं कराचा नियम बदलायचं चाललंय, कार्बनचा भाव ठरेपर्यंत कळ काढा. नंतर फोनच लागेना. मामा आजारी होते. भेटायला गेलो की पैशाचं विचारत नसत. "रानात काय साचतंय, बघतूस नव्हं?" एवढंच. गेल्या थंडीत ते गेले.

परवा संजय सुट्टीवर आला आणि ट्रॅक्टर घेऊन रानात गेला. मीही गेलो. हराळीनं अर्धं रान धरलंय. माझ्या औषधानं ती आठ दिवस लाजली होती, बस. यंदा नांगर नाही घातला तर तिथं शाळू येणार नाही. घातला तर करार मोडला.

जाताना मी मामांचा कंदील नेला होता. कशाला, ते विचारू नका. माती तपासायला साहेबांनी घेतलेला खड्डा बांधाजवळ तसाच आहे. भर दुपारी मी त्यात पेटता कंदील सोडला आणि काठावर उकिडवा बसलो. शेजारच्या रानातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

वात सरळ जळत होती. ती मला काहीच सांगत नव्हती.

"दादा, घालू का नांगर?" संजयनं ट्रॅक्टरवरून विचारलं. "तू म्हणशील तसं. आबांनी तुझ्याच भरवशावर सही केली होती."

खड्ड्यातून नजर न काढता मी म्हणालो, "थांब."

त्यानं इंजिन बंद केलं नाही.