युद्धपातळी आणि पळसाची फांदी

चामोर्शीकडच्या आमच्या गावातून मी एका दैनिकाला बातम्या पाठवतो. बातमी कशी फुगते ते मी आतून पाहिलंय, त्यामुळे मोठा शब्द दिसला की माझ्या कपाळावर आठी येते. तलावाच्या पाळीवर शे-दीडशे माणसं जमली तर छापून येतो ‘जनसागर’. रस्त्याखालच्या साध्या मोरीचं भूमिपूजन ‘ऐतिहासिक’ असतं. त्याच मोरीचं काम युद्धपातळीवर सुरू आहे असं एका नेत्याने भाषणात सांगितलं, तेव्हा मी मुद्दाम गाडी काढून बघून आलो. मोरीजवळ एकच गडी होता आणि तो घमेलं उशाशी घेऊन झोपला होता.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी दोन ओळी पाठवल्या होत्या, की तलावापलीकडे वाघाने एक गोऱ्हा मारला. दुसऱ्या दिवशी मथळा आला, ‘वाघाचा धुमाकूळ, तालुका हादरला’. तालुका कसला हादरतोय? मी स्वतः त्या दिवशी आठवडी बाजारात वांगी निवडत होतो. एका चॅनलने तर कुठल्या तरी दुसऱ्याच जंगलातला वाघ दिवसभर दाखवला. पाठोपाठ नेते आले, माताभगिनींच्या केसालाही धक्का लागू देणार नाही म्हणाले आणि फोटो काढून गेले. मला संताप आला. हळूहळू प्रत्येक बोलण्यामागे मला कोणाचा ना कोणाचा डाव दिसायला लागला.

मोहफुलांचे दिवस होते. आई रोज उजाडता उजाडता टोपली घेऊन तलावापलीकडे फुलं वेचायला जायची. एके दिवशी मी तिच्यासोबत पाळीपर्यंत गेलो, तर पायवाटेवर पळसाची फांदी आडवी टाकलेली आणि तिच्यावर दगड. आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो, की पुढे जनावर आहे, जाऊ नका. फांदी टाकणारा आमच्या शेजारचा म्हातारा, सगळे त्याला भाऊ म्हणतात. तो तलावात मासे धरतो, सगळ्यांच्या आधी तिकडे जातो, आणि ओल्या मातीत वाघाचं पाऊल दिसलं की फांदी टाकतो. तोंडाने कोणाला काही सांगत बसत नाही.

आई थांबली. आज नको म्हणाली. पण माझ्या डोक्यात वेगळंच चक्र सुरू झालं. भाऊची सूनही मोह वेचते. बाकीच्या बाया घाबरून घरी बसल्या, तर पलीकडचा सगळा सडा कोणाच्या टोपलीत जाणार? पेपर वाचून भाऊही शहाणा झाला, असं म्हणत मी दगड बाजूला केला आणि फांदी पायाने सरकवली. बातम्या पाठवणारा मुलगा म्हणतो म्हणजे खरंच असेल, असं आईला वाटलं. ती गेली. मी घरी येऊन चहा घेतला.

तासाभराने भाऊ तिला धरून घेऊन आला. ती वाकून फुलं वेचत असताना झुडपातून वाघ उठला होता. भाऊने डोंग्यातून ते पाहिलं, डबा बडवत, ओरडत तो काठाला आला, तेव्हा कुठे वाघ वळला. पळताना आई पडली. तिचं मनगट सुजून टम्म झालं होतं. भाऊच्या अंगणात त्याची सून भांडी घासत होती. ती त्या दिवशी घराबाहेर पडलीच नव्हती.

आईला खाटेवर बसवून भाऊने विचारलं, “फांदी कोनं सरकवली?”

“मलेच दिसली नाई,” आई पटकन म्हणाली.

इतकी वर्षं जंगलात जाणाऱ्या बाईला वाटेवरची फांदी दिसत नाही, हे भाऊला पटणारं नव्हतं. तो माझ्याकडे वळला. शेवटी मी कबूल केलं, आणि का सरकवली तेही सांगितलं, सुनेच्या टोपलीसकट.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त विचारलं, “मी कधी खोटी फांदी टाकली का रे?”

मी नाही म्हणालो. आई त्याला चहा घेऊन जा म्हणत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो आमच्या घरून चहा न घेता गेला.