शेंदराखालचा दगड

मायक्रोस्कोप घ्यायला मी धुळ्याहून जळगावला गेलो, तो पिशवीत थोरल्या भावाचा दगड घेऊनच. दुकानदाराने आधी कॉलेजवाला पुढे केला, हजारपट मोठं दाखवणारा. मी वैतागलो. त्याचा उजेड खालून येतो. कांद्याच्या पापुद्र्याला ते ठीक, दगडातून काय आरपार जाणार? मला दोन्ही डोळ्यांनी बघायचा, वरून उजेड पाडणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप हवा होता. चाळीसपटीपर्यंत पुरे, पण भिंगाखाली मुठीएवढा दगड हाताने फिरवता आला पाहिजे.

चोपड्याजवळच्या आमच्या केळीच्या बागेत भावाला हा दगड मिळाला. त्याने तो देव म्हणून मांडला आणि दर शनिवारी तेल-शेंदूर लावला.

"हाऊ दगड आभायमाईन पडेल शे. मी सोता देखेल शे," तो आमच्या अहिराणीत म्हणायचा. आभाळातून पडताना त्याने स्वतः पाहिला होता म्हणे.

मी पडलो विज्ञानाचा मास्तर. चार पाहुण्यांसमोर त्याला हसलो, ही लोखंडाच्या भट्टीतली मळी आहे म्हणालो. तो विषय त्याने माझ्याशी पुन्हा काढला नाही. दोन वर्षांपूर्वी तो गेला, त्यानंतर दगडाला कोणी शेंदूर लावला नाही. मला मात्र भाऊ अजून भरदुपारी दारात उभा दिसतो. माझ्याकडे नुसता बघतो. मला सख्ख्या भावाची भीती वाटते, हे लिहितानाही लाज वाटते.

पहिल्या स्टिरिओत दगड मावेना. दुसऱ्यात मावला. एक कोपरा पूर्वीच उडालेला होता, तिथला शेंदूर मी नखाने खरवडला. मळीत असतात तसे बुडबुडे कुठेच नव्हते. राखाडी दगडात धातूचे चमकते कण, बारीक गोल दाणे, आणि कडेला आभाळातून जळत आलेल्या दगडाचं पातळ काळं कवच. शिक्कामोर्तब प्रयोगशाळा करील. माझी खात्री पटली होती. एरवी गंजून गेलं असतं ते कवच त्याच्या तेल-शेंदराने राखलं होतं.

हाच द्या, असं मी सांगितलं. दुकानदार बिल करायला वळला. दगड काढताना तो जरा फिरला आणि भिंगाखाली वाळलेला शेंदूर आला. त्यात अंगठ्याचा ठसा होता. रेघन् रेघ वर उठलेली, आणि मधून आडवा व्रण. केळीचा घड कापताना भावाच्या अंगठ्याला विळा लागला होता, त्याचाच.

"तू खोटं बोलत नव्हतास रे," मी म्हणालो.

दुकानदाराने मान वर केली. मी भिंगावरून डोळे काढले नाहीत. माफी मागायला भावाचा एवढाच भाग उरला होता.