काकांचं बदक

आमच्या घराची पायरी जरा उंच आहे. कुणी ती उतरायला लागलं की शेजारचे काका लगेच उजवा हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "उडी न्हाय मारायची. हात दे."

उतरणारं माणूस म्हातारं आहे की तरुण, हे ते बघत नसत. मी कॉलेजला जायला धावत निघाले तरी हात पुढे. रिक्षातून उतरणाऱ्याला हात, विहिरीच्या कठड्यावरून खाली येणाऱ्याला हात. एकदा पोस्टमनलाही त्यांनी असाच हात दिला होता आणि पोस्टमनने तो हस्तांदोलनासाठी आहे असं समजून बराच वेळ हलवला होता.

तुम्ही कधी मांडव्याहून लाँचने मुंबईला गेला असाल तर अशी माणसं तुम्ही पाहिली असतील. लाँच धक्क्याला लागली की एका हातात दोर धरून दुसऱ्या हाताने माणसांना आत घेणारा खलाशी. आपण त्याचा हात धरतो, आत जातो, खिडकीची जागा शोधतो, आणि त्याचा चेहरा आपल्या लक्षात राहत नाही. काका तीस वर्षं तेच काम करत होते. मी त्यांच्याविषयी लिहिते आहे खरी, पण मला हे नीट जमेल की नाही, माहीत नाही. मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. प्रयोगाची वही सोडून एवढं लांब काही लिहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मात्र काकांचा हात अचानक दिसेनासा झाला. शर्टाच्या खिशात, नाहीतर डाव्या काखेत. मी पायरी उतरायचे, ते ओट्यावर बसलेले असायचे, बघायचे आणि मान वळवायचे.

झालं होतं असं. सुट्टीची गर्दी होती आणि पाण्याला चढ होता, लाँच सारखी वरखाली होत होती. एका बाईंनी घाई केली. काकांनी त्यांचा हात धरलेला असतानाच त्यांनी उडी मारली, लाँच नेमकी खाली गेली, आणि हात सुटला. बाई लाँच आणि धक्क्याच्या मधल्या पाण्यात पडल्या. दुसऱ्या खलाशांनी दोर टाकून त्यांना लगेच वर काढलं. त्यांना काही झालं नाही. एक चप्पल गेली, तेवढंच. काकांना कुणी शब्दानेही बोललं नाही. उलट मालकांनी सांगितलं, आता पावसाळ्यात लाँच बंदच राहणार, आराम करा, सप्टेंबरात या. पण काका घरी आले ते "आता आपण न्हाय जाणार" असं म्हणतच आले. आमच्या आईने विचारलं, का हो भाऊजी? तर एवढंच म्हणाले, "हात माझ्या हातात होता, वहिनी."

त्याच सुमारास आमच्या घरी तो खेळ आला. माझे बाबा किहीमला एका बंगल्यात माळीकाम करतात. बंगल्यातल्या मुलांनी नवा व्हिडिओ गेम घेतला आणि जुना डबा, चार कंट्रोलरसकट, बाबांना दिला. माझा धाकटा भाऊ सुमेध तेव्हा दहावीत होता. त्याने तो टीव्हीला जोडला आणि आमच्या घरातून अभ्यास काही आठवडे बाहेरगावी गेला.

खेळ साधा होता. चार प्राणी. त्यांनी खड्डे, फळ्या, डोंगर ओलांडत, उड्या मारत शेवटच्या झेंड्यापर्यंत जायचं. मी बेडूक घेतला, सुमेधने बोकड. आई आधी "काय ही थेरं" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कोंबडी घेऊन बसली. सगळे झेंड्यापर्यंत पोचल्याशिवाय पुढचा टप्पा उघडत नसे. चौघं असली तर काही वाटा सोप्या व्हायच्या, कारण एक प्राणी दुसऱ्याचा हात धरून त्याला वर ओढू शकायचा. त्याचं वेगळं बटण होतं. चौथ्या माणसासाठी सुमेधने बाबांना विचारलं. बाबा खाटेवरूनच म्हणाले, "दिवसभर झाडांवर चढतो मी. घरी येऊन परत चढू?"

मग सुमेधने ओट्यावर जाऊन काकांना बोलावलं. "काका, एक माणूस कमी पडतंय." काका बहुधा त्या वाक्यामुळेच उठले. एक माणूस कमी असेल तर लाँच सुटत नाही, हे त्यांच्या अंगात होतं.

त्यांना प्राणी निवडायला सांगितलं. त्यांनी बराच विचार करून बदक घेतलं. "पाण्यात पडलं तरी पोहेल," म्हणाले.

पहिल्याच ओढ्यात बदक पडलं आणि बुडालं.

काका सुमेधकडे बघत राहिले. "बदक बुडलं?"

"हो काका. ह्यात पाण्यात पडलं की सगळेच बुडतात."

"बदक?"

"मग ते फुग्यात बसून परत येतं बघा. आपण फुगा फोडला की झालं."

"ते येऊ दे. पण बदक बुडतं कसं? कोणी केलाय हा खेळ? समुद्र बघितलाय का त्याने?"

आई इतकी हसली की तिची कोंबडीही खड्ड्यात गेली.

खरी अडचण पुढे आली. काका उडीच मारत नसत. खड्ड्याच्या काठाशी बदक नेऊन उभं करायचे. आम्ही पलीकडे पोचून ओरडायचो, "काका, उडी मारा!" ते शांतपणे म्हणायचे, "तीस वर्षं लोकांना सांगतोय, उडी मारू नका. आता तू मला सांगतोस मार."

"अहो पण हा खेळच उड्यांचा आहे."

"मग तुझ्या बोकडाला मारू दे. मी हात देतो."

आणि खरंच, त्यांनी दुसरं सगळं सोडून ते हात द्यायचं बटण तेवढं शिकून घेतलं. कडेला उभं राहून एकेकाला वर घ्यायचे. आम्ही तिघं तिथून पुढच्या दगडावर गेलो की बदकाला ओढून घ्यायचं काम माझ्याकडे. टप्पा संपला की पडद्यावर नंबर यायचे. बदकाचा नेहमी चौथा.

"काका, तुमचा नंबर परत शेवटचा," सुमेध चिडवायचा.

"खलाशी शेवटीच चढतो. पयला चढला तर दोर कोण सोडणार?"

असे पंधरा-वीस दिवस गेले. खेळताना त्यांचे दोन्ही हात बाहेर असायचे. कंट्रोलर ठेवला की उजवा पुन्हा खिशात. हे आईच्या लक्षात आलं होतं, माझ्याही.

मग एक दिवस ते घडलं. वर एक अरुंद दगड, खाली पाणी. बदक दगडावर उभं, आईची कोंबडी त्याच्या हाताला लोंबकळलेली. काका बटण दाबून होते. आणि कोंबडी सुटली. सरळ पाण्यात.

आता हे आमचं चुकलंच. चारांपैकी एका कंट्रोलरचं ते बटण सैल होतं. मधेच आपोआप सुटायचं. पाहुण्याला चांगली वस्तू द्यावी एवढी साधी गोष्ट, पण सुमेधने आणि मी चांगले कंट्रोलर आपल्याकडे ठेवले होते आणि सैल बटणाचा काकांना दिला होता.

काकांनी कंट्रोलर हळूच जमिनीवर ठेवला. चहा समोर होता, त्याला हात न लावता ते उठून घरी गेले. पडद्यावर आईची कोंबडी फुग्यात बसून परत आली होती आणि पंख हलवत होती.

पुढचे दोन दिवस ते ओट्यावरही आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईने चहाचा पेला घेतला आणि त्यांच्या दारात गेली. मीही मागे गेले. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी उरणला दिलेली, त्यामुळे घरात ते एकटेच. खिडकीशी बसले होते.

"भाऊजी, माझी कोंबडी परत आली. तुम्ही बघितलंच नाही."

"हात सुटला, वहिनी."

"बटण सैल होतं. ह्या दोघांनी मुद्दाम तो तुम्हाला दिलेला. मी झापलंय दोघांना."

मी मान खाली घातली. काका म्हणाले, "तेव्हा कुठं बटण होतं?"

आई अंगणवाडीत मदतनीस आहे. रडणाऱ्या मुलांशी बोलायची तिची एक पद्धत आहे, आवाज न चढवता, सरळ.

"तेव्हा पण ती बाई वर आली ना? ओली झाली, पण आली. दोर टाकणारी माणसं तुम्हीच शिकवलेली. तुम्ही तेव्हा पण मान फिरवली आणि निघून आलात. पडली ते बघितलं, आली ते बघितलंच नाही. चहा घ्या, गार होतोय."

काकांनी चहा घेतला. डाव्या हाताने.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले ते सायकलच्या जुन्या ट्यूबचा एक तुकडा घेऊन. कंट्रोलर उघडायला लावला, नखाएवढी रबराची चकती कापून त्या बटणाखाली बसवली आणि पन्नास वेळा तरी दाबून बघितलं. "आता सुटायचा न्हाय," म्हणाले. चांगला कंट्रोलर आम्ही दिला तरी त्यांनी घेतला नाही. तोच ठेवला.

शेवटच्या आधीचा टप्पा आम्हा तिघांना कधीच जमला नव्हता. पाण्यावर वरखाली होणाऱ्या फळ्या, एकीवरून दुसरीवर जायचं. सुमेधने इंटरनेटवर बघून युक्त्या पाठ केल्या होत्या, तरी आम्ही पडायचो. काकांनी तो टप्पा पहिल्यांदा बघितला आणि पुढे सरकून बसले.

"हे तर आपलं काम हाय."

"काका, लगेच मारायची हं उडी, नाहीतर फळी जाते."

"जाऊ दे. परत येते ती. सगळ्यांनी थांबा."

फळी वर आली, खाली गेली. पुन्हा आली, गेली. काका पडद्याकडे बघत मान हलवत होते. "मोठी लाट आली की माणसाला वाटतं हीच पकडावी. ती सोडायची. तिच्या मागून बारीक येते. ती वर आली आणि थांबली की उडी लागतच न्हाय, नुसता पाय टाकायचा." मग आवाज उतरवून म्हणाले, "वहिनी, थांबा. थांबा. आता."

कोंबडी पलीकडे.

"सुमेध, थांब. थांब रे, हावरटा. आता."

माझा बेडूक सर्वांत घाबरट. मी दर वेळी आधीच बटण दाबायचे. काका म्हणाले, "तू पडद्याकडे बघू नको गो. माझं ऐक. थांब. थांब. आता." मी डोळे जवळजवळ मिटून बटण दाबलं आणि बेडूक फळीवर होता.

सगळ्यात शेवटी बदक आलं. एकही उडी न मारता, फळीवरून फळीवर चालत. बाबा खाटेवरून उठून टाळ्या वाजवत होते.

सप्टेंबर लागला आणि लाँच सुरू झाली. मालकांचा निरोप आला. काका पहिल्या दिवशी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आम्ही विचारलं नाही. माझंच निघायचं चाललं होतं. मुंबईच्या एका कॉलेजात मला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता आणि हॉस्टेलही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि आता घर सोडून राहायला जाणारीही पहिलीच. आईबाबांना दोघांनाही कामावर सुट्टी नव्हती. काका म्हणाले, "मी सोडतो धक्क्यापर्यंत. बॅग जड हाय."

मांडव्याला त्या सकाळी पाण्याला बराच चढ होता. रांग मोठी होती. दोराशी एक नवा मुलगा होता, त्याची धांदल उडाली होती. काका माझी बॅग घेऊन माझ्या मागे उभे होते, उजवा हात खिशात.

आमच्या पुढे डोक्यावर पाटी घेतलेली एक म्हातारी होती. तिने पाय उचलला, लाँच खाली गेली, तिने पाय मागे घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा मागे. मागचे लोक ओरडायला लागले, "चल गो आजी, मार उडी!"

माझ्या पायाशी काहीतरी धपकन पडलं. बघितलं तर माझी बॅग होती.

काका रांगेतून पुढे गेले होते. "कोण म्हणतंय उडी? उडी न्हाय मारायची," त्यांचा आवाज सगळ्या धक्क्यावर ऐकू गेला. "आजी, हात द्या. खाली बघू नका. थांबा. थांबा. आता."

आजी आत. पाटीसकट.

नव्या मुलाच्या हातातला दोर त्यांनी कधी घेतला ते मला कळलं नाही. बॅग उचलून मी पुढे सरकले, माझा नंबर आला. त्यांनी माझ्याकडे अनोळखी उतारूकडे बघावं तसं बघितलं, म्हणजे चेहऱ्याकडे न बघता पायांकडे, आणि हात पुढे केला. तो हात खडबडीत होता आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप घट्ट होता. "थांब," ते म्हणाले. मी थांबले.

पुढे जवळजवळ दोन वर्षं ते कामावर जात राहिले. या मे महिन्यात निवृत्त झाले आणि मुलीकडे उरणला गेले. जावई न्हावा शेवा बंदरात कामाला आहे, नातवंडं आहेत. त्यांचं शेजारचं घर बंद असतं. सुट्टीत मी घरी गेले की आम्ही तिघं कधीतरी खेळतो. बाबाही आता खेळतात. बदक मात्र कुणी घेत नाही, बाबांनी उंदीर घेतलाय. पायरी उतरताना मी अजून एक क्षण थांबते आणि मग माझी मीच उतरते.

त्या सकाळी लाँच सुटली तेव्हा मी मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले, काकांना हात हलवून निरोप द्यायला. मी खूप वेळ हलवत होते. धक्क्याला तोवर दुसरी लाँच लागली होती आणि काका तिच्या दाराशी होते. त्यांनी मला हात केला नाही. एका हातात दोर होता, आणि दुसऱ्या हातात कुणाचा तरी हात होता.